तोफगाड्यापुढे पडलेला जवान

आपल्या जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत १९०४ पासून तोफांचे गाडे तयार होत आले आहेत. अशाच एका तोफगाड्याखाली येता येता वाचलेल्या जवानाची ही गोष्ट.

हान्स बर्गर यांचा जन्म २१ मे १८७३ रोजी जर्मनीत झाला. खगोलशास्त्रज्ञ होण्यासाठी ते येना विद्यापीठात गेले, पण लवकरच एका वर्षासाठी सैन्यात दाखल झाले. सरावात त्यांचा घोडा बिथरला आणि ते धावत्या तोफगाड्यापुढे पडले. गाडीवानाने वेळीच लगाम खेचला. त्याच संध्याकाळी घरून खुशाली विचारणारी तार आली. दूर असलेल्या बहिणीला भाऊ संकटात असल्याचे वाटले होते.

माझ्या मनातली भीती तिच्यापर्यंत पोचली कशी? या प्रश्नाने बर्गर यांची पाठ सोडली नाही. ते डॉक्टर झाले आणि येनाच्या मनोरुग्णालयात काम करत मेंदूवर प्रयोग करू लागले. कित्येक वर्षे अपयश आले. शेवटी १९२४ मध्ये त्यांना माणसाच्या मेंदूतल्या विजेचे सूक्ष्म तरंग टिपता आले. तरीही त्यांनी घाई केली नाही. स्वतःच्या मुलाच्या डोक्यावरही तारा लावून पुन्हा पुन्हा तपासले आणि १९२९ मध्ये निबंध छापला. अनेकांनी विश्वास ठेवला नाही. १९३४ मध्ये केंब्रिजच्या ॲड्रियन आणि मॅथ्यूज यांनी तोच प्रयोग करून ते खरे असल्याचे दाखवले. यालाच आपण आज ईईजी म्हणतो.

विचार हवेतून दुसऱ्याच्या मनात जातो, ही त्यांची कल्पना मात्र सिद्ध झाली नाही. पण त्यांचे तरंग दुसरीकडे कामी आले. सिग्नल्सचे प्रशिक्षण जिथे चालते, त्या जबलपूरच्या मुलांना हे लगेच कळेल. मणक्याला गोळी लागली तर लाइन तुटते, पण मुख्यालय हुकूम देतच राहते. डोक्यावरच्या किंवा मेंदूत बसवलेल्या इलेक्ट्रोडने ते संकेत पकडायचे, संगणकाने ओळखायचे आणि पडद्यावरचे अक्षर निवडायचे किंवा चाकाची खुर्ची हलवायची. १९९९ मध्ये जर्मनीतच पूर्ण लुळ्या पडलेल्या रुग्णांनी अशा रीतीने अक्षरे जुळवून मजकूर लिहिला. खडकीच्या पॅराप्लेजिक केंद्रात राहणाऱ्या आपल्या जवानांसारख्यांना पुढे याचा केवढा आधार होईल!

एक गोष्ट लिहावी की नाही, याचा मी खूप विचार केला. नाझी राजवटीत आजारी आणि अपंग माणसांना मुले होऊ द्यायची नाहीत, असे ठरवणारी न्यायालये होती. अशा एका न्यायालयात बर्गर बसत असत. १९४१ मध्ये, आजारपण आणि नैराश्यात, त्यांच्या आयुष्याचा दुःखद शेवट झाला. ज्यांच्यावर तिथे अन्याय झाला, तशाच माणसांना आज त्यांच्या शोधाचा उपयोग होतो.

म्हणून मी त्यांच्याकडून चिकाटी घेईन, पण त्यांना सलाम करताना थोडा थांबेन. हुकूम कोणाचाही असो, तो कोणावर चालणार आहे, हे आपण पाहिलेच पाहिजे.