दोन राज्यांनी गव्हर्नर म्हणून निवडून दिलं, आणि दोन्ही वेळा त्याने खुर्चीवर पाणी सोडलं

ह्यूस्टन म्हटलं की आपल्याला नासा आठवतं, नाहीतर २०१९ चा 'हाऊडी मोदी' कार्यक्रम. पण या शहराला ज्याचं नाव दिलंय तो सॅम ह्यूस्टन कोण होता, हे फारसं कुणाला माहीत नसतं.

सॅमचा जन्म २ मार्च १७९३ चा, व्हर्जिनियातला. तो लहान असतानाच वडील गेले. आई नऊ लेकरांना घेऊन टेनेसीत आली. तेव्हा टेनेसी म्हणजे अमेरिकेची सरहद्द. भावांनी सॅमला दुकानात कामाला लावलं, पण त्याचं मन काही रमेना. सोळाव्या वर्षी तो पळाला आणि थेट चेरोकी आदिवासींमध्ये जाऊन राहिला. त्यांचा प्रमुख ऊलूतेका याने त्याला मुलगा मानलं. तिथे त्याचं नाव पडलं डोमकावळा.

पुढे तो सैन्यात गेला. १८१४ मध्ये हॉर्सशू बेंडच्या लढाईत मांडीत बाण आणि खांद्यात गोळ्या लागल्या. त्या जखमा त्याला जन्मभर छळत राहिल्या.

सैन्य सोडल्यावर १८१८ मध्ये त्याने वकिलीचा नाद धरला. त्या काळी सरहद्दीवर वकील व्हायला लॉ कॉलेज लागत नसे. जुन्या वकिलाच्या हाताखाली बसायचं, पुस्तकं वाचायची आणि परीक्षा द्यायची. सॅमने हे काही महिन्यांत उरकलं. मग सरकारी वकील, १८२३ ला काँग्रेसचा खासदार आणि १८२७ ला थेट टेनेसीचा गव्हर्नर.

इथेच पहिली ठिणगी पडली. जानेवारी १८२९ मध्ये त्याने एलायझा ॲलनशी लग्न केलं. तीन महिनेही झाले नाहीत तोवर ती माहेरी निघून गेली. कारण दोघांनीही कधी उघड सांगितलं नाही. गावभर चर्चा सुरू झाली. सॅमने राजीनामा दिला आणि पुन्हा चेरोकींकडे निघून गेला. तिथे तो इतका प्यायला लागला की लोक त्याला दारुडा म्हणूनच ओळखू लागले.

संपला असं वाटत असतानाच १८३२ च्या शेवटी तो टेक्सासमध्ये आला. टेक्सास तेव्हा मेक्सिकोचा भाग होता. त्याने नॅकोगडोचेस इथे पुन्हा वकिली सुरू केली. २ मार्च १८३६ ला, म्हणजे त्याच्या ४३ व्या वाढदिवशी, टेक्सासने स्वातंत्र्य जाहीर केलं आणि सॅम सेनापती झाला. तो आठवडेच्या आठवडे माघार घेत राहिला. स्वतःचेच लोक त्याला भित्रा म्हणत होते. पण २१ एप्रिलला सॅन जॅसिंटोला मेक्सिकोचं सैन्य दुपारी गाफील असताना त्याने हल्ला चढवला. साधारण १८ मिनिटांत लढाईचा निकाल लागला. दुसऱ्या दिवशी मेक्सिकोचा सर्वेसर्वा सांता ॲना कैद झाला.

सॅम टेक्सास या स्वतंत्र देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला, तेही दोनदा. १८४० मध्ये मार्गारेट लीशी लग्न झालं आणि तिच्यामुळे हळूहळू दारू सुटली. १८४५ ला टेक्सास अमेरिकेत सामील झाल्यावर तो सिनेटर झाला आणि १८५९ ला टेक्सासचा गव्हर्नर. दोन वेगवेगळ्या राज्यांतल्या लोकांनी गव्हर्नर म्हणून निवडून दिलेला असा हा एकमेव अमेरिकन.

आता खरी परीक्षा होती. लिंकन निवडून आल्यावर गुलामगिरी टिकवण्यासाठी दक्षिणेची राज्यं फुटून निघाली. सॅम काही गुलामगिरीविरोधी संत नव्हता. त्याच्या स्वतःच्या घरी गुलाम होते. पण देश फोडायला त्याचा ठाम विरोध होता. या युद्धात दक्षिण हरेल आणि पोरं हकनाक मरतील, असं तो गावोगावी सांगत फिरला. फेब्रुवारी १८६१ मध्ये टेक्सासच्या मतदारांनी प्रचंड बहुमताने फुटण्याच्या बाजूने कौल दिला.

मार्चमध्ये नव्या कॉन्फेडरेट सरकारशी निष्ठेची शपथ घ्यायची वेळ आली. सॅमचं नाव पुकारलं गेलं, पण तो शपथ घ्यायला गेलाच नाही. त्याला पदावरून हटवण्यात आलं. लिंकनने सैन्याची मदत देऊ केली होती, पण आपल्याच लोकांचं रक्त सांडून टिकवलेली खुर्ची त्याला नको होती.

नियती बघा, त्याचाच थोरला मुलगा कॉन्फेडरेट सैन्यात गेला आणि शायलोच्या लढाईत जखमी झाला.

२६ जुलै १८६३ ला हंट्सव्हिलमध्ये सॅम वारला. युद्ध अजून सुरू होतं. दोन वर्षांनी दक्षिण हरली. पहिली खुर्ची त्याने घर मोडलं म्हणून सोडली होती, दुसरी देश मोडू नये म्हणून. ज्या टेक्सासने त्याला खाली खेचलं, त्याच टेक्सासचं सगळ्यात मोठं शहर आज त्याच्या नावाने ओळखलं जातं.