सिमेंटमधून माणसं घडवणारे नानासाहेब करमरकर

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत सिमेंट दिसतं ते कारखान्यांच्या भिंतींत, पुलांत आणि रस्त्यांत. याच सिमेंटमधून एका शिल्पकाराने आपल्या आजूबाजूचं जग घडवलं. ते म्हणजे विनायक पांडुरंग उर्फ नानासाहेब करमरकर.

त्यांचा जन्म १८९१ मध्ये अलिबागजवळच्या सासवणे गावात झाला. लहानपणी गावातल्या राममंदिराच्या भिंतीवर त्यांनी शिवरायांचं चित्र काढलं. ते कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेस पडलं आणि करमरकरांना मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टची वाट मिळाली. पुढे त्यांनी कोलकात्यात काम केलं, लंडनलाही शिक्षण घेतलं.

पुण्यातल्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातला शिवरायांचा ब्राँझचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. १९२८ मध्ये तो उभा राहिला आणि त्यांचं नाव सर्वदूर पोहोचलं.

पण ब्राँझ महाग. त्यासाठी आधी पैसे देणारा लागतो आणि तो बहुधा थोरामोठ्यांचाच पुतळा मागतो. गोठ्यातल्या म्हशीचा पुतळा कोण मागणार?

इथे सिमेंट कामी आलं. ते स्वस्त होतं, सहज मिळत होतं आणि कोकणातल्या पावसातही टिकत होतं. त्यामुळे कुणी न मागितलेली शिल्पंही करता आली. म्हैस, कोळीण अशी गावातली रूपं त्यांनी घडवली.

१९६७ मध्ये करमरकरांचं निधन झालं. सासवण्यातलं त्यांचं घर आज संग्रहालय आहे.