अकरा वर्षांचा राजा आणि त्याची आजी

बाबर म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? पानिपत, १५२६, तोफा आणि परीक्षेत हमखास येणारा पाच मार्कांचा प्रश्न. पण त्याच्या बत्तीस वर्षं आधीचा बाबर तुम्हाला भेटलाय का? नसेल, तर त्याच्या आजीचीही ओळख राहूनच गेली असणार.

जून १४९४. आजच्या उझबेकिस्तानच्या बाजूचं फरगाना खोरं. तिथला राजा उमर शेख मिर्झा दरीच्या काठावरच्या कबुतरखान्यात होता. तो कबुतरखानाच कोसळला आणि राजा त्याच्यासकट खाली गेला. त्याचा मुलगा बाबर तेव्हा अंदिजानला होता. वय अकरा! आपल्याकडे या वयाचं पोर पाचवी-सहावीत असतं. बाबर मात्र त्या दिवशी राजा झाला. एकीकडून काका आणि दुसरीकडून सावत्र मामा, दोघांच्याही फौजा राज्यावर चाल करून आल्या होत्या.

ते संकट कसंबसं टळलं आणि घरातलंच दुसरं उभं राहिलं. हसन याकूब या बड्या सरदारानं बाबराला बाजूला सारून त्याच्या धाकट्या सावत्र भावाला गादीवर बसवायचा घाट घातला. निष्ठावंत सरदारांना याची कुणकुण लागली, तेव्हा ते गेले कुणाकडे? बाबराच्या आजीकडे, आईच्या आईकडे. तिचं नाव ऐसान दौलत बेगम.

ही बाई साधीसुधी नव्हती. ती मंगोल खान युनूसची बायको. युनूसला खान केलं तेव्हा मंगोलांच्या रिवाजाप्रमाणे पांढऱ्या नमद्यावर ती त्याच्यासोबत बसली होती. तंबूंतलं आयुष्य, लढाया, कैद, सगळं तिनं सोसलं होतं. तिच्यासमोर बैठक झाली आणि हसन याकूबला हटवायचं ठरलं. बाबर माणसं घेऊन किल्ल्याकडे निघाला. हसन याकूब नेमका शिकारीला गेला होता. बातमी कळताच तो समरकंदच्या दिशेनं पळाला. नातवाची गादी वाचली.

पुढे बाबरानं आत्मचरित्र लिहिलं, ‘बाबरनामा’. त्यात त्यानं स्पष्ट नोंदवलंय की अक्कल आणि सल्ला यांत आजीच्या तोडीच्या बायका फार थोड्या असतील. ती दूरचं बघणारी होती आणि बहुतेक कारभार तिच्या सल्ल्यानं चालायचा. यशाचं श्रेय घरातल्या म्हातारीला असं लेखी देणारे राजे तुम्हाला किती माहीत आहेत?

पण या नात्याची खरी परीक्षा १४९७ नंतर झाली. चौदा वर्षांच्या बाबरानं समरकंद जिंकलं. तैमूरची राजधानी, त्याचं लहानपणापासूनचं स्वप्न! जेमतेम शंभर दिवस झाले आणि अंदिजानहून आई-आजीची पत्रं यायला लागली: बंडखोरांनी वेढा घातलाय, ये. बाबर तेव्हा इतका आजारी होता की त्याच्या तोंडात कापसानं पाणी सोडावं लागत होतं. जरा सावरल्यावर त्यानं समरकंद सोडलं आणि तो निघाला. वाटेत खोजंदला कळलं की अंदिजान पडलंय. तो मेल्याची आवई उठली होती आणि किल्ला बंडखोरांच्या हाती दिला गेला होता. समरकंद गेलं, अंदिजानही गेलं. त्या वेळी आपल्याला रडू आवरलं नाही, हे त्यानं न लाजता लिहून ठेवलंय. पुढे आई आणि आजी खोजंदला त्याच्याकडे पोचल्या, एवढंच काय ते हाती उरलं.

आजीची वणवण तिथेही संपली नाही. १५०१ मध्ये बाबराला समरकंद पुन्हा सोडावं लागलं, तेव्हा ती मागेच राहिली. नंतर ती दिखकत या डोंगराळ गावी नातवाला येऊन मिळाली. सोबत कुटुंबकबिला आणि उपासमारीनं वाळलेली थोडी माणसं. राज्य नसलेला नातू तिथे डोंगरात अनवाणी हिंडत होता. तरी आजी त्याच्याकडेच आली.

१५०५ मध्ये काबूलला बाबराची आई वारली. त्याच दुःखाच्या दिवसांत आजी गेल्याचीही बातमी आली. बाबर तेव्हा बावीस वर्षांचा होता. हिंदुस्थान अजून एकवीस वर्षं दूर होता.

बाबराबद्दल तुमचं मत काहीही असू दे. इतिहास वाचून ते तुम्ही ठरवा. पण एक गंमत बघा. बाबरानं आत्मचरित्र आपल्या तुर्की भाषेत लिहिलं होतं. १५८९ मध्ये अब्दुर्रहीम खानखानानं, म्हणजे दोह्यांसाठी तुम्हाला ठाऊक असलेल्या रहीमनं, ते फारसीत आणलं. कुणासाठी? अकबरासाठी, म्हणजे बाबराच्या नातवासाठी. आजोबांच्या आजीची गोष्ट अशी नातवापर्यंत पोचली. आज ती तुमच्यापर्यंतही आली.