डॉप्लर नावाचा माणूस आणि पायातल्या रक्ताचा आवाज

धरमपेठेतल्या कुठल्याही सोनोग्राफी सेंटरच्या बाकावर थोडा वेळ बसून बघा. आजीचा एक पाय सुजलेला, सोबत नातू, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहिलेलं: पायाचा व्हेनस डॉप्लर. बऱ्याच जणांना वाटतं, डॉप्लर हे मशीनच्या कंपनीचं नाव असावं. ते एका माणसाचं आडनाव आहे. त्या माणसाने आयुष्यात कोणाचा पाय तपासला नाही. त्याला ताऱ्यांच्या रंगांचं कोडं पडलं होतं, आणि गंमत म्हणजे त्या कोड्याचं त्याचं उत्तर चुकलं.

ख्रिश्चन डॉप्लरचा जन्म २९ नोव्हेंबर १८०३ चा, आजच्या ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग गावातला. घरचा धंदा दगडकामाचा. पण पोराची तब्येत लहानपणापासून तोळामासा, छिन्नी-हातोडा झेपणारा नव्हता. गणितात मात्र डोकं चालायचं. व्हिएन्नात शिकला, तिथेच सहायकाची तात्पुरती नोकरी केली. ती संपली आणि पुढे काहीच मिळेना. पोटासाठी एका सूतगिरणीत हिशेब लिहायला लागला. (आपली एम्प्रेस मिल सुरू व्हायला तेव्हा अजून चाळीसेक वर्षं होती.) शेवटी वैतागून त्याने अमेरिकेला जायचं ठरवलं, घरातलं सामानही विकायला काढलं. आणि १८३५ मध्ये प्रागच्या एका शाळेत नोकरी लागली. तिथून पुढे १८४१ मध्ये तो तिथल्या पॉलिटेक्निकमध्ये प्राध्यापक झाला.

सुख तिथेही नव्हतं. शेकडो पोरांच्या परीक्षा घ्यायच्या, त्यात छाती कमजोर. तो फार कडक आहे अशी विद्यार्थ्यांची तक्रारही झाली. याच धबडग्यात २५ मे १८४२ रोजी त्याने प्रागच्या विज्ञान संस्थेपुढे जोडताऱ्यांच्या रंगीत प्रकाशावरचा निबंध वाचला.

त्यातली मूळ कल्पना तुम्ही रोज ऐकता. लक्ष्मीभुवन चौकात उभे आहात आणि अँब्युलन्स येतेय. जवळ येताना सायरनचा सूर चढा लागतो, पुढे निघून गेली की एकदम उतरतो. आतल्या ड्रायव्हरला मात्र एकच सूर ऐकू येतो. आवाज करणारी वस्तू आपल्याकडे येत असेल तर लाटा दाटीवाटीने कानावर पडतात, लांब जात असेल तर विरळ होतात. डॉप्लरने हे समीकरणात मांडलं आणि म्हटलं, प्रकाशाचंही असंच होतं, म्हणून तारे रंगीत दिसतात. पहिला भाग अगदी बरोबर. दुसरा चूक, कारण ताऱ्याचा रंग मुख्यतः त्याच्या तापमानावर ठरतो आणि ताऱ्यांचा वेग प्रकाशापुढे फारच किरकोळ असतो.

ही चूक हॉलंडच्या बाइस बॅलट या तरुण शास्त्रज्ञाला खटकली. १८४५ मध्ये त्याने रेल्वेच्या उघड्या डब्यावर तुतारीवाले बसवले आणि रुळाशेजारी सुरांची जाण असलेले वादक उभे केले. फेब्रुवारीतला पहिला प्रयत्न खराब हवामानाने फसला, जूनमध्ये पुन्हा केला. गाडी जवळ येताना सूर चढला, जाताना उतरला. ताऱ्यांच्या रंगाबद्दलची शंका त्याने सोडली नाही, पण आवाजाच्या बाबतीत डॉप्लर खरा ठरला. शंका घेणाऱ्यानेच साक्ष द्यावी, असा प्रयोग विज्ञानात विरळाच.

आता सेंटरमधल्या टेबलावर या. पायावर थंडगार जेल लावतात, त्यावर प्रोब फिरतो. प्रोब सेकंदाला साधारण ५० लाख कंपनांचा आवाज आत सोडतो. आपला कान २० हजारांपुढे बहिरा, त्यामुळे तो ऐकू येत नाही. हा आवाज रक्तातल्या तांबड्या पेशींवर आपटून परत येतो. पेशी धावत असतात, म्हणून परतीचा सूर थोडा बदललेला असतो. रक्त सेकंदाला ५० सेंटीमीटर वेगाने जात असेल आणि प्रोब ६० अंशांत धरला असेल, तर हा फरक सुमारे १६०० कंपनांचा येतो. म्हणजे थेट आपल्या कानाच्या टप्प्यात! मशीन तो फरकच स्पीकरवर सोडतं. धमनीचा आवाज ठोक्यागणिक सपसप येतो, शिरेचा वाऱ्यासारखा, श्वासाबरोबर कमी-जास्त होणारा. प्रोब रक्ताच्या दिशेला काटकोनात धरला तर फरक जवळपास शून्य, म्हणून डॉक्टर तो तिरपा करतात.

शिरेतली गुठळी शोधताना मात्र नुसत्या डॉप्लरवर भागत नाही. प्रोबने शीर दाबून बघतात. निरोगी शीर दबते, गुठळी असली तर दबत नाही. ही गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेतू शकतं. म्हणून ऑपरेशननंतर, फार दिवस अंथरुणावर पडून किंवा लांबच्या प्रवासानंतर एकच पाय सुजला, पोटरी दुखायला लागली, तर तेल लावून वाट बघायची नाही. त्यात दम लागला किंवा छातीत दुखलं तर सरळ इमर्जन्सी. आणि मोबाईलच्या अ‍ॅपने हे होणार नाही. फोनचा माइक माणसाच्या आवाजासाठी बनवलेला, ५० लाख कंपनं त्याच्या कुवतीबाहेरची.

हे सगळं विसाव्या शतकातलं. १९५० च्या दशकात जपानच्या ओसाकात शिगेओ सातोमुरा यांनी हे तत्त्व हृदयावर आणि रक्तप्रवाहावर वापरून पाहिलं. पुढच्या दशकात अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या यूजीन स्ट्रँडनेस या सर्जनने पायांच्या रक्तवाहिन्यांसाठी ते रुळवलं.

डॉप्लरला यातलं काहीच दिसलं नाही. १८५० मध्ये तो व्हिएन्ना विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र संस्थेचा पहिला संचालक झाला. वाटाण्यावरच्या प्रयोगांमुळे पुढे गाजलेला ग्रेगर मेंडेल तिथे त्याच्या हाताखाली शिकला. पण १८५२ मध्ये योसेफ पेट्झवालने अकादमीत त्याच्यावर तोफ डागली. हा तोच पेट्झवाल, ज्याने १८४० मध्ये पोर्ट्रेट फोटोची लेन्स घडवली. इतक्या सोप्या समीकरणातून निसर्गाचा मोठा नियम निघूच शकत नाही, असा त्याचा रोख होता. डॉप्लरची छाती तोवर पार खालावली होती. बरं वाटेल म्हणून तो व्हेनिसला गेला आणि १७ मार्च १८५३ रोजी तिथेच वारला. वय ४९. पंधरा वर्षांनी विल्यम हगिन्सने ताऱ्याच्या प्रकाशातल्या बारीक रेषा सरकलेल्या पाहून व्याध ताऱ्याचा वेग मोजायचा प्रयत्न केला. रंग नाही, रेषा सरकतात.

रिपोर्टमधले लाल-निळे रंगही रक्ताचे नाहीत, ते कॉम्प्युटर भरतो. सहसा प्रोबकडे येणारं रक्त लाल, लांब जाणारं निळं. प्रोब उलटा तिरपा केला की तीच शीर दुसऱ्या रंगात दिसते. त्यामुळे फोटोतलं निळं रक्त बघून घरच्या ग्रुपवर घबराट पसरवू नका.