न्गो दिन्ह दिएम : परक्या बळावर उभे राहिलेले राज्य

व्हिएतनामचे युद्ध म्हटले की अमेरिकेची बॉम्बफेकी विमाने आणि १९७५ साली झालेला सायगॉनचा पाडाव आपल्याला आठवतो. परंतु अमेरिकेच्या लढाऊ पलटणी १९६५ मध्ये तेथे उतरण्यापूर्वी हे युद्ध गावागावांतून सुरू झाले होते. त्या काळात दक्षिण व्हिएतनामची सूत्रे एका श्रद्धावान कॅथलिक राष्ट्राध्यक्षांच्या हाती होती. त्यांचे नाव न्गो दिन्ह दिएम. त्यांचे जीवन आपल्याला अंतर्मुख करणारे आहे.

दिएम यांचा जन्म ३ जानेवारी १९०१ रोजी मध्य व्हिएतनाममधील एका जुन्या कॅथलिक घराण्यात झाला. श्रद्धेपायी या घराण्याने पूर्वी प्राणघातक छळ सोसला होता. वडील ह्वे येथील राजदरबारात उच्च पदावर होते. बंधू थुक धर्मगुरू झाले व पुढे ह्वेचे आर्चबिशप म्हणून नियुक्त झाले. दिएम यांनाही तरुणपणी धर्मगुरुपदाची ओढ होती. ते आजन्म अविवाहित राहिले. १९३३ साली ते सम्राट बाओ दाई यांचे गृहमंत्री झाले. मात्र फ्रेंच सत्ता सुधारणा करू देत नाही, हे दिसताच काही महिन्यांतच त्यांनी राजीनामा दिला. १९४५ मध्ये त्यांचे थोरले बंधू खोई यांची कम्युनिस्टांनी हत्या केली. त्यानंतर हो चि मिन्ह यांनी देऊ केलेले पद दिएम यांनी नाकारले.

१९५० मध्ये त्यांनी देश सोडला. अमेरिकेत मेरीनॉल संस्थेच्या सेमिनरींत त्यांनी काही काळ वास्तव्य केले. कार्डिनल स्पेलमन आणि सिनेटर जॉन केनेडी यांच्याशी त्यांचा परिचय झाला. जून १९५४ मध्ये ते पंतप्रधान म्हणून मायदेशी परतले. पुढच्याच महिन्यात जिनिव्हा करारान्वये सतराव्या अक्षांशावर देशाची विभागणी झाली. कराराच्या पालनावर देखरेख ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे होते. उत्तरेकडून आठ लाखांहून अधिक लोक दक्षिणेत आले. त्यांत बहुसंख्य कॅथलिक होते. कित्येक ठिकाणी धर्मगुरूंसह अख्खे धर्मग्राम स्थलांतरित झाले. या निर्वासितांचे पुनर्वसन दिएम यांच्या शासनाने अमेरिकेच्या मदतीने पार पाडले. ही त्यांची मोठी कामगिरी होय.

मात्र सत्तेचा पाया अरुंदच राहिला. १९५५ च्या सार्वमतात त्यांना ९८ टक्के मते मिळाल्याचे जाहीर झाले. सायगॉनमध्ये तर नोंदलेल्या मतदारांपेक्षाही अधिक मते पडली! १९५६ मध्ये गावांच्या निवडून आलेल्या समित्या रद्द करून वरून अधिकारी नेमण्यात आले. बंधू न्हू यांच्या हाती गुप्त पोलिसांची सूत्रे गेली. कम्युनिस्टांनी कुळांना वाटलेल्या जमिनींवर जमीनदार पुन्हा हक्क सांगू लागले. बंडखोरांना खेड्यांत आसरा मिळाला, त्यामागे ही कारणे होती.

बंड मोडण्यासाठी १९६२ मध्ये संरक्षित वस्त्यांची योजना आखण्यात आली. ब्रिटिशांनी मलायामध्ये असाच प्रयोग यशस्वी केला होता व तेथील अनुभवी अधिकारी रॉबर्ट थॉम्प्सन सायगॉनमध्ये सल्लागार होते. विखुरलेल्या शेतकऱ्यांना एकत्र वसवायचे, भोवती खंदक व बांबूचे कुंपण घालायचे, गावकऱ्यांना शस्त्रे द्यायची आणि बंडखोरांचे अन्न व माहिती तोडायची, असा हा विचार होता. अमेरिकेने पैसा व साहित्य पुरवले. तिच्या लष्करी सल्लागारांची संख्या १९६० अखेरच्या सुमारे ९०० वरून १९६३ अखेर १६,००० च्या वर गेली.

परंतु मलायात हलवलेले बहुतेक लोक जमिनीचा हक्क नसलेले चिनी मजूर होते. व्हिएतनामी शेतकऱ्याची शेते आणि पूर्वजांच्या कबरी त्याच्या गावातच होत्या. मार्च १९६२ मध्ये बेन कॅट येथे योजनेचा प्रारंभ झाला, तेव्हा जेमतेम एक तृतीयांश कुटुंबे स्वखुशीने आली. उरलेल्यांना सैनिकांनी हलवले व त्यांची घरे जाळली. पुढे आकडे फुगवण्याच्या घाईत हजारो वस्त्या कागदोपत्री पूर्ण झाल्या. योजना राबवणारा एक विश्वासू कर्नल, फाम न्गोक थाओ, हा कम्युनिस्टांचा छुपा हस्तक होता, हे पुढे उघड झाले.

मे १९६३ मध्ये ह्वे शहरात आर्चबिशप थुक यांच्या बिशपपदाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त पोपमहोदयांचे ध्वज फडकले. काही दिवसांनी बुद्धजयंतीला बौद्ध ध्वजांवर बंदी आली. ८ मे रोजी निषेधासाठी जमलेल्या जमावापैकी काही जण ठार झाले. ११ जून रोजी भिक्षू थिच क्वांग डुक यांनी सायगॉनच्या चौकात आत्मदहन केले. ऑगस्टमध्ये सैनिक पॅगोडांत घुसले. बौद्धबहुल देशात कॅथलिक राष्ट्राध्यक्षांनी शेजाऱ्याच्या श्रद्धेची बूज राखली नाही, ही बोच आपणही मान्य केली पाहिजे.

आता अमेरिकेने हात काढून घेतला. उठावाच्या तयारीत असलेल्या सेनापतींना आपण आडवे येणार नाही, असे तिने कळवले. १ नोव्हेंबर १९६३ रोजी, सर्व संतांच्या सणादिवशी, उठाव झाला. दिएम व न्हू राजवाड्यातून निसटले. दुसऱ्या दिवशी, मृत भाविकांच्या स्मरणदिनी, चोलॉन भागातील संत फ्रान्सिस झेवियर यांच्या चर्चमध्ये त्यांनी आश्रय घेतला व तेथूनच शरणागती पत्करली. लष्करी गाडीत हात बांधलेल्या अवस्थेत दोघांची हत्या झाली. तीन आठवड्यांनी राष्ट्राध्यक्ष केनेडींचीही हत्या झाली.

सायगॉनमध्ये मग एकामागून एक उठाव होत राहिले. संरक्षित वस्त्या ओस पडल्या. कित्येक ठिकाणी गावकऱ्यांनी स्वतःच कुंपणे उखडली. पुढील युद्धात ५८,००० हून अधिक अमेरिकन आणि लाखो व्हिएतनामी प्राणांस मुकले.

दिएम यांच्या भगिनीचे पुत्र फ्रान्सिस झेवियर न्गुएन व्हान थुआन हे १९७५ मध्ये सायगॉनचे सहायक आर्चबिशप झाले. कम्युनिस्ट शासनाने त्यांना १३ वर्षे बंदिवासात ठेवले. त्यांपैकी नऊ वर्षे एकांतवासात गेली. तळहातावर द्राक्षारसाचे काही थेंब घेऊन ते मिस्सा अर्पण करीत. त्यांच्या प्रेमळ वागण्याने पहारेकरीही बदलत. पुढे ते कार्डिनल झाले, २००२ मध्ये निवर्तले आणि २०१७ मध्ये ख्रिस्तसभेने त्यांना वंदनीय घोषित केले. मामांच्या हाती सैन्य, परकी शस्त्रे आणि हजारो कुंपणे होती, तरी गावकरी त्यांचे झाले नाहीत. भाच्यापाशी यांपैकी काहीच नव्हते; तरी त्यांच्यावर पहारा करणाऱ्यांचीच मने त्यांनी जिंकली.