गावोगावच्या शिवण क्लासचा विषय निघाला, की रमाबाई रानडे का आठवाव्यात?

पुण्याहून साताऱ्याच्या दिशेनं जाताना नसरापूरला आत वळलं, की रस्ता वेल्ह्याकडे जातो. समोर तोरणा, बाजूला राजगड. इथं पावसाळ्याचे चार महिने भाताचे. बाकीच्या दिवसांत बायकांच्या हाताला बसल्या जागी जे काम मिळतं, त्यात शिवण पहिल्या नंबरावर. साडीला पिको-फॉल, लग्नसराईत ब्लाउज, मुलींचे ड्रेस, उरलेल्या कापडाच्या पिशव्या. दारावर पाटी नसली तरी कुठल्या घरात मशीन आहे, हे अख्ख्या आळीला माहीत असतं.

ही गोष्ट फक्त वेल्ह्याची नाही. भोरला जा, मुळशीला जा, महाराष्ट्रात कुठंही जा. बाईनं स्वतःच्या पायावर उभं राहायचं म्हटलं की पहिला सल्ला येतो, शिवण क्लास लाव. जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याणच्या योजनांतही शिलाई मशीन ठरलेलं. 2023 मध्ये आलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या 18 व्यवसायांतही शिंपीकाम आहे आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांची मदत आहे. (तुमच्या ग्रुपवर फिरणारा 'सर्व महिलांना मोफत शिलाई मशीन' हा मेसेज वेगळा. त्या लिंकवर माहिती भरू नका.)

पण शिकलेल्या बाईनं शिवणकाम शिकावं, त्यातून चार पैसे कमवावेत आणि त्यात लाज वाटू नये, ही कल्पना आपल्याकडे कधीपासून रुजली? त्याचा माग काढला की बरीच नावं येतात, आणि त्यात एक नाव ठळक आहे. रमाबाई रानडे.

झी मराठीवर 2012 मध्ये 'उंच माझा झोका' ही मालिका आली आणि रमाबाई घराघरात पोहोचल्या. त्यामुळं नऊवारीतली गोड छोटी मुलगी आणि तिला पाटीवर अक्षरं गिरवायला लावणारे माधवराव एवढं चित्र बहुतेकांच्या डोक्यात आहे. त्या चित्रानंतरची रमाबाई मात्र फारशी कुणी सांगत नाही.

जन्म 25 जानेवारी 1862 चा, देवराष्ट्रे गावचा. तेव्हा हे गाव सातारा जिल्ह्यात होतं, आता सांगली जिल्ह्यात आहे. पुढं यशवंतराव चव्हाणांचा जन्मही याच गावात झाला. माहेरचं नाव यमुना, आडनाव कुर्लेकर. घर खातंपितं, पण मुलींना अक्षर ओळख करून द्यायची नाही, हा घरातला नियम. त्या काळी असं मानणारी घरं अपवाद नव्हती, तीच रीत होती.

1873 मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी तिचं लग्न महादेव गोविंद रानड्यांशी झालं. रानडे तेव्हा तिशी ओलांडलेले, सरकारी न्यायखात्यात, आणि सुधारकांचे पुढारी. विधवांचं पुन्हा लग्न व्हावं म्हणून जाहीरपणे झटणारा माणूस. त्यांची पहिली बायको त्याच वर्षी वारली. आता ते एखाद्या विधवेशी लग्न करतील, असं मित्रांना वाटत होतं. वडिलांनी घाईघाईनं अकरा वर्षांची मुलगी शोधली आणि रानड्यांनी वडिलांपुढं मान तुकवली. सुधारक आणि सनातनी, दोन्ही बाजूंनी त्यांच्यावर टीका झाली, आणि ती रास्तच होती. त्यांच्याबद्दल कितीही आदर असला तरी हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

लग्न झाल्यावर मात्र त्यांनी शिकवायला सुरुवात केली. आधी मराठी बाराखडी, मग इतिहास, भूगोल, गणित, मग इंग्रजी. पुण्याच्या एकत्र कुटुंबात हे सोपं नव्हतं. नवऱ्याला हौस असेल, पण दिवसभर संसार असायचा तो घरातल्या बायकांबरोबर, आणि त्यांना सुनेचं वाचन खपत नव्हतं. टोमणे, अबोला, मुद्दाम लावलेली कामं. रमाबाईंनी उलट उत्तर दिलं नाही आणि अभ्यासही सोडला नाही. हा सगळा काळ त्यांनी पुढं 'आमच्या आयुष्यातील कांहीं आठवणी' या 1910 मध्ये आलेल्या पुस्तकात लिहिला. मराठीत बाईनं लिहिलेल्या सुरुवातीच्या आत्मकथनांत या पुस्तकाचा मान वरचा आहे.

1882 मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या, आर्य महिला समाज सुरू झाला आणि रानड्यांच्या रमाबाई तिथं जाऊ लागल्या. दोन रमाबाईंची गल्लत आजही होते, म्हणून सांगायला हवं. पंडिता रमाबाई त्या शारदा सदन आणि केडगावच्या मुक्ती मिशनच्या. त्यांच्या संस्थांमध्ये विणकाम, शिवणकाम शिकवलं जायचंच. मिशनच्या शाळांमधूनही सुईकाम, लोकरीचं काम आलेलं होतं. त्यामुळं शिवणाचा वर्ग रमाबाई रानड्यांनी शोधून काढला, असं कुणी म्हणू नये. त्यांनी केलं ते वेगळंच. मिशनचं नाव काढलं तरी धर्म बुडेल म्हणून घाबरणाऱ्या घरांतल्या बायकांपर्यंत त्यांनी ते नेलं.

1893 मध्ये रानडे मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले आणि बिऱ्हाड मुंबईला गेलं. तिथं रमाबाईंनी हिंदू लेडीज सोशल अँड लिटररी क्लब काढला. नाव भारदस्त, पण काम साधं. भाषा आणि सामान्यज्ञानाचे वर्ग, आणि त्यांच्याच जोडीला शिवणकाम आणि हस्तकला.

आता तुम्ही म्हणाल, शिवण तर बायकांना येतच असणार, मग वर्ग कशाला?

येत होतं, पण किती? तेव्हाची नऊवारी शिवायची नसतेच, नेसायची असते. पुरुषाचं धोतर, उपरणंही तसंच. घरात सुई लागायची ती चोळीला, बाळाच्या झबल्या-टोपऱ्याला, कुंचीला, आणि जुन्या लुगड्यांच्या गोधडीला. गोधडी हे तर आपल्याकडचं बिनशाळेचं शिवण. धावदोरा घालत घालत चार कोपरे गाठायचे. मावळातल्या पावसात अंगावर घोंगडी आणि इरलं, आणि रात्री पांघरायला गोधडी, यावर पिढ्या निघाल्या. अंगरखे, बंड्या, कोट शिवायचे ते शिंपीदादांनी. म्हणजे पैसा मिळवून देणारं शिवणकाम पुरुषांकडे आणि घरातलं बिनपैशाचं बायकांकडे, अशी सरळ वाटणी होती.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ती वाटणी हलायला लागली. अमेरिकेत आयझॅक सिंगरनं 1851 मध्ये शिलाई मशीनचं पेटंट घेतलं आणि काही दशकांत ती मशीनं हिंदुस्थानातल्या शहरांत दिसू लागली. हप्त्यानं मशीन घ्यायची सोयही आली. कपडेही बदलत होते. पुढं गाठ मारायच्या चोळीच्या जागी बाह्यांचं, बटणांचं पोलकं आलं, मुलींना परकर-पोलकं, शाळेत जाणाऱ्या मुलांना सदरे. हे सगळं मापानं बेतावं लागतं. आणि बेतणं हीच शिवणातली खरी विद्या. टीप कुणीही मारेल. पण पाठीचं माप किती, मुंढा किती खोल, कापडाची घडी कुठून घालायची म्हणजे तुकडा वाया जात नाही, हे कुणीतरी शिकवावंच लागतं. लोकरीच्या विणकामाचंही तेच. सुलट-उलट टाके शेजारणीकडून येतात, पण मोज्याची टाच वळवायला किंवा स्वेटरचा गळा उतरवायला हिशेब लागतो. वर्ग हवा होता तो यासाठी.

रानड्यांच्या घरात कापडाचा विषय नवा नव्हता. 1872 च्या सुमारास स्वदेशी व्यापारावर त्यांनी पुण्यात व्याख्यानं दिली होती. त्यांचे सहकारी गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनी त्याच काळात स्वदेशीची शपथ घेतली आणि 1877 च्या दिल्ली दरबाराला ते हातानं कातलेल्या खादीचे कपडे घालून गेले. गांधीजी तेव्हा सात वर्षांचे होते! रानडे देशाच्या उद्योगांचा विचार करत होते, गिरण्या, भांडवल, व्यापार. रमाबाईंनी तोच प्रश्न एका खोलीत, एका सुईपाशी आणला. मला तरी त्यांचं हे काम नवऱ्याच्या अर्थशास्त्राचीच घरगुती शाखा वाटते.

16 जानेवारी 1901 ला रानडे गेले. रमाबाई 38 वर्षांच्या. त्या मुंबई सोडून पुण्याच्या जुन्या घरी आल्या आणि वर्षभर जवळजवळ कुणाला भेटल्या नाहीत. त्यानंतर बाहेर पडल्या त्या थेट येरवड्याच्या तुरुंगात, कैदी बायकांना भेटायला, त्यांना चार गोष्टी वाचून दाखवायला. दवाखान्यांत रुग्णांकडे जाऊ लागल्या. 1904 मध्ये मुंबईत भारत महिला परिषद भरली, तिचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं.

1908 मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन काढलं, अध्यक्ष रमाबाई. पुढच्याच वर्षी, 1909 मध्ये, पुण्याचं सेवासदन सुरू झालं ते रमाबाईंच्या स्वतःच्या वाड्यात. जोडीला भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर. वाडा ओळखीचा, बाई ओळखीच्या, घरंदाज. त्यामुळं इतर ठिकाणी पाठवायला कचरणारी घरं इथं लेकीसुनांना पाठवू लागली. लिहिणं-वाचणं, प्रथमोपचार, शिवण, भरतकाम, विणकाम. हळूहळू शिक्षिका तयार करणारं ट्रेनिंग कॉलेज, परिचारिकांचं शिक्षण, वसतिगृहं असा पसारा वाढला.

येणाऱ्यांत विधवा पुष्कळ होत्या. तेव्हाची ब्राह्मण विधवा म्हणजे काय, तर केशवपन, एक लाल आलवण, एकवेळ जेवण, आणि दिराच्या घरात राब राब राबणं. पुन्हा लग्न कायद्यानं 1856 पासून करता येत होतं, पण प्रत्यक्षात करणाऱ्या बोटांवर मोजण्याइतक्या. अशा बाईला परिचारिका हो म्हटलं तर घरचे लोक हादरत. परक्या पुरुषांची शुश्रूषा, सगळ्या जातींचा स्पर्श. कित्येक विधवांनी स्वतःच नकार दिला. शिवणाला मात्र कुणाची हरकत नसे. घरात बसून, पदर डोक्यावर ठेवून करता येतं. रमाबाईंना ही मेख नेमकी कळली होती. सुई धरायला म्हणून आलेली बाई एकदा वर्गात बसली की तिथंच तिच्या कानावर गणित पडतं, वर्तमानपत्र पडतं, आणि शेजारी बसलेली कालची तिच्यासारखीच बाई आज मास्तरीण होताना दिसते.

सेवासदनच्या एका वार्षिक समारंभातला प्रसंग सांगण्यासारखा आहे. बक्षिसं वाटली जात होती. विधवेच्या वेषातली एक विद्यार्थिनी बक्षीस घ्यायला व्यासपीठावर आली, आणि मागं बसलेल्या कॉलेजच्या पोरांनी खिदळायला, आवाज काढायला सुरुवात केली. एरवी शांत असणाऱ्या रमाबाई समारोपाला उठल्या आणि त्यांनी त्या पोरांना सगळ्यांसमोर झापलं. स्वतःला शिकलेले म्हणवता आणि संकटात सापडलेल्या बाईला हसता? तुमच्या घरात विधवा बहीण, आत्या, आई नाही का? असा त्या बोलण्याचा रोख होता. सभागृह गप्प झालं म्हणतात. आजच्या भाषेत ते ट्रोलिंगच होतं, आणि त्याला भर सभेत तोंडावर उत्तर मिळालं.

एक मर्यादाही सांगायला हवी. हे काम मुख्यतः शहरातल्या, वरच्या जातींतल्या मध्यमवर्गाचं होतं. त्याच काळात तोरणा-राजगडाचा मुलूख भोरच्या पंतसचिवांच्या संस्थानात होता. तिथल्या शेतकरी बायकांना घराबाहेर पडून राबणं नवं नव्हतं. त्या चिखलात भात लावत होत्या, डोक्यावरून मोळ्या वाहत होत्या. त्यांच्यापुढचा प्रश्न बाहेर पडायचा नव्हता, शाळेचा होता. आणि त्या प्रश्नावरही रमाबाई मागं राहिल्या नाहीत.

1918 मध्ये मुंबई इलाख्यात कायदा झाला आणि नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याची मुभा मिळाली. पुण्यात वाद पेटला. पैसे कमी आहेत, आधी मुलांचं सक्तीचं करू, मुलींचं पुढं बघू, असं म्हणणारा गट जोरात होता आणि लोकमान्य टिळकही त्या बाजूला होते. रमाबाई मुलींच्या बाजूनं उभ्या राहिल्या. 1920 मध्ये पुण्यात यावरून सभा गाजल्या, बायका रस्त्यावर उतरल्या. साठीला टेकलेल्या रमाबाई त्यात पुढं होत्या. लगेच बायकांच्या मताधिकाराचा प्रश्न आला, तिथंही त्यांनी मुंबई इलाख्यात आघाडी सांभाळली. 1921 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळानं बायकांना मत देण्याच्या बाजूनं ठराव केला.

1924 मध्ये रमाबाई गेल्या. तेव्हा पुण्याच्या सेवासदनच्या वेगवेगळ्या वर्गांत हजारावर बायका-मुली शिकत होत्या. 1962 मध्ये, जन्माला शंभर वर्षं झाली तेव्हा, टपाल खात्यानं त्यांच्या चित्राचं तिकीट काढलं.