सहा जणांनी उचलायचा पूल: डोनाल्ड बेली यांची गोष्ट

टाइप-सी चार्जर कुठल्याही कंपनीचा घ्या, तुमच्या फोनला बसतो. कारण पिन कुठे आणि किती मापाची, हे आधीच ठरलेलं असतं. हीच आयडिया दुसऱ्या महायुद्धात एका इंजिनिअरने पुलासाठी वापरली होती.

डोनाल्ड बेली यांचा जन्म १९०१ मध्ये इंग्लंडमधल्या रॉदरहॅमचा. शेफिल्ड विद्यापीठात शिकून पुढे ते क्राइस्टचर्च इथल्या लष्करी पुलांच्या प्रयोगकेंद्रात सरकारी नोकरीला लागले. रणगाडे जड होत चालले होते आणि लष्कराचे जुने पूल त्यांचं वजन पेलेनासे झाले होते. १९३६ मध्ये बेलींनी नव्या पुलाची कल्पना मांडली, पण ती तशीच पडून राहिली. १९४० मध्ये त्यांनी ती एका पाकिटाच्या मागच्या बाजूला काढून दाखवली. या वेळी होकार मिळाला. जुलै १९४१ मध्ये उत्पादन सुरूही झालं.

यात खास काय होतं? १० फूट लांब, ५ फूट उंच असं एकच लोखंडी पॅनल. वजन साधारण २६० किलो, म्हणजे सहा जण उचलू शकतील इतकं. क्रेन नको, साधा ट्रक पुरे. पॅनल एकमेकांना पिनांनी जोडायची. जास्त वजन न्यायचंय? शेजारी किंवा वर आणखी पॅनल लावा. पूल आपल्याच काठावर जोडून रोलरवरून पुढे ढकलायचा, त्यामुळे पलीकडे शत्रू असला तरी काम थांबत नसे.

खरी गंमत मापांत होती. पॅनल कुठल्याही कारखान्यातलं असो, भोकं जुळायलाच हवीत. अमेरिकेनेही हाच पूल स्वीकारला. त्यामुळे मित्रराष्ट्रांच्या इंजिनिअरांना एकमेकांचं काम समजायला वेळ लागत नव्हता.

मे १९४४ मध्ये इटलीत कासिनोजवळ भारताची आठवी डिव्हिजन गारी नदी ओलांडत होती. मराठा लाइट इन्फन्ट्रीची एक बटालियनही याच डिव्हिजनमध्ये होती. पायदळाच्या मदतीला कॅनडाचे रणगाडे पलीकडे न्यायचे होते. कॅनडाचे कॅप्टन टोनी किंग्जमिल यांनी जोडलेला बेली पूल चक्क रणगाड्याच्या पाठीवर ठेवून, भर गोळीबारात नदीवर टाकला. डिझाइन ब्रिटनचं, रणगाडे कॅनडाचे, जवान भारताचे. एका ठरलेल्या मापामुळे हे सगळं जुळलं.

१९४६ मध्ये बेलींना सर हा किताब मिळाला. १९८५ मध्ये ते गेले. पूल मात्र अजून कामावर आहे. २०१७ च्या चेंगराचेंगरीनंतर मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनवर लष्कराने याच पद्धतीचा पादचारी पूल उभारला. २०२४ मध्ये वायनाडमध्ये दरड कोसळली, तेव्हा जवानांनी १९० फुटांचा बेली पूल दोन दिवसांच्या आत जोडला. पुढच्या वेळी घाटात असा त्रिकोणी जाळीचा लोखंडी पूल दिसला, तर त्याच्या पिना नक्की बघा.